भट्टीच्या आधीचे दोन दिवस

भट्टी उघडल्यावर भांडं बिघडलेलं निघालं की पहिला संशय भट्टीवर जातो. तापमान चुकलं असेल, वायर थकली असेल, मीटर खोटं दाखवत असेल. मला हे फारसं पटत नाही. विजेच्या भट्टीत बिघडलेल्या भांड्याचा निकाल बहुतेक वेळा बटण दाबण्याआधीच्या दोन दिवसांत लागलेला असतो. भांडं पूर्ण वाळलं होतं का, बूड पुसलं होतं का, बादलीतलं ग्लेझ तळापासून ढवळलं होतं का, थर किती जाड बसला होता, हे प्रश्न आधी विचारायला हवेत.

वांद्र्यात चाकावर काम शिकवणारे वर्ग आता सहज मिळतात. हौसेने शिकलेली माणसं काही वर्षांनी स्वतःची छोटी विजेची भट्टी घेतात. पाली किंवा चिंबईतल्या जुन्या घराच्या तळमजल्यावर, कुणाच्या गॅरेजात, इमारतीतल्या मागच्या खोलीत ती बसते आणि तिथून अडचणी सुरू होतात. वर्गात चाक त्यांनी चालवलेलं असतं. ग्लेझ कालवणं आणि भट्टी लावणं मात्र शिक्षकांनी परस्पर उरकलेलं असतं. अर्धी विद्या हातात असते आणि उरलेली अर्धी कुणी दाखवलेलीच नसते. ती उरलेली अर्धी कशी शिकायची, हे मी इथे सांगणार आहे. सगळं विवेचन स्टोनवेअर मातीचं आणि कोन ६ च्या, म्हणजे साधारण १२२२ अंश सेल्सिअसच्या, विजेच्या भाजणीचं आहे. दाट वस्तीत गॅसची भट्टी आणि सिलिंडरचा साठा ठेवणं मला योग्य वाटत नाही, म्हणून त्या वाटेला जात नाही.

आधी वीज आणि जागा. ६ किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर साधारण २६ अँपिअर ओढते. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं असतं, म्हणजे जेमतेम पावणेचार किलोवॉटचं. त्यामुळे एसीच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर अशी भट्टी कधीही चालवायची नाही. मुख्य बोर्डापासून तिच्यासाठी वेगळी तांब्याची केबल, वेगळा एमसीबी आणि खात्रीचं अर्थिंग लागतं. केबलची जाडी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ठरवून घ्या आणि मंजूर लोड पुरेसा आहे का, ते वीज कंपनीकडून तपासून घ्या. सोसायटीला आधी लेखी कळवा. भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर, खाली लोखंडी स्टँड, त्याखाली लादी, वर काहीही लटकलेलं नको, आणि धूर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा. कच्च्या भाजणीत मातीतले सेंद्रिय पदार्थ जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे वायू निघतात, त्यामुळे भट्टी चालू असलेल्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

समुद्राजवळच्या घरांसाठी एक जास्तीची गोष्ट. खाऱ्या हवेत भट्टीचा पत्रा गंजतोच, पण त्याहून घातक म्हणजे वायरची टोकं जिथे जोडलेली असतात तिथे बसणारा गंज. जोड सैल झाला की तिथेच उष्णता साठते आणि टर्मिनल जळतं. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सगळे जोड उघडून साफ आणि घट्ट करून घ्यायची सवय ठेवा.

वाळणं

वांद्र्याहून माहीमच्या खाडीपलीकडे धारावीचा कुंभारवाडा आहे. सौराष्ट्रातून मुंबईत आलेल्या कुंभार कुटुंबांनी १९३०च्या दशकात तिथे वस्ती केली. घरांच्या मधोमध विटांच्या भट्ट्या, जळणाला चिंध्या आणि कापसाचा कचरा, आणि मडकी, कुंड्या, पणत्या यांच्या रांगा. त्यांची लाल माती आपल्या स्टोनवेअरपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला भाजली जाते, भांड्यांवर बहुधा ग्लेझही नसतं. तरीही नव्या स्टुडिओवाल्याने तिथे एक दिवस नीट पाहण्यात घालवावा असं मी सुचवते. भट्टीत रचायच्या आधी वाळवणाला किती जागा आणि किती वेळ दिला जातो, ते पाहा. आपल्या स्टुडिओत चाकाला मानाची जागा असते आणि वाळवणाला एखादं फळकूट.

वांद्र्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की भांडं हाताला कोरडं लागलं तरी आत पाणी असतं. त्यात दिवाळीच्या मागण्या याच महिन्यांत पूर्ण करायच्या असतात, म्हणजे सर्वात जास्त काम सर्वात ओल्या हवेत. गालाला लावून भांडं गार लागतं का, ही जुनी खूण उपयोगाची आहे; गार लागलं तर पाणी अजून उडतंय. पण पावसाळ्यात मी वजनावर विसंबते. स्वयंपाकघरात चालणारा डिजिटल काटा घ्या, भांड्याचं वजन रोज एकाच वेळी करून चिठ्ठीवर लिहा. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की हवेला त्यातून काढता येण्यासारखं पाणी संपलं. तरीही थोडा ओलावा राहतोच, कारण माती हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेते. तो भट्टीतच काढावा लागतो.

भांडी जाळीच्या फळीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल. कडा घट्ट झाल्यावर ती उपडी करा. पंखा लावायचाच तर भिंतीकडे तोंड करून लावा. वारा थेट भांड्यावर आला की एक बाजू आधी आकसते आणि कानाच्या सांध्याशी चीर पडते. ही चीर कच्च्या भाजणीनंतर दिसते आणि लोक भट्टीला बोल लावतात.

कच्ची भाजणी, म्हणजे बिस्क, मी कोन ०६ ला करते, साधारण १००० अंश सेल्सिअस. सुरुवातीला भट्टी ९० अंशांच्या आसपास नेऊन तिथेच थांबवायची. उन्हाळ्यात दोन तास पुरतात. पावसाळ्यात आणि जाड भांडी असतील तर चार-पाच तास, प्रसंगी रात्रभर. झाकण बोटभर उघडं, भोकांची बुचं काढलेली. वरच्या भोकासमोर क्षणभर आरसा किंवा स्टीलची थंड ताटली धरा. तिच्यावर वाफ धरली तर आत पाणी आहे, अजून थांबा. १०० अंशांना पाण्याची वाफ होते. ती वाफ मातीच्या आत कोंडली की भांडं फुटतं आणि त्याच्या तुकड्यांनी शेजारची चार भांडीही जातात.

त्यानंतर ताशी १०० अंशांनी ६०० पर्यंत चढा. साधारण ३५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ अंशांना गारगोटीचे स्फटिक एकदम फुगतात. उतरताना त्याच अंशाला ते आकसतात. या टापूत घाई नको. ६०० नंतर ताशी १५० चालेल, पण ७०० ते ९०० दरम्यान सेंद्रिय पदार्थ जळून जायला हवेत, म्हणून हवेचं एखादं भोक उघडं ठेवा. ते जळाले नाहीत तर ग्लेझच्या भाजणीत वायू बाहेर येतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. बिस्क जास्त तापमानाला नेण्याचा मोह टाळा. १००० च्या फार वर गेलं की मातीची पाणी शोषण्याची ताकद घटते आणि ग्लेझ भांड्यावर धरत नाही.

बादली

आता या कामाचा गाभा. तयार ग्लेझ विकत मिळतं आणि सुरुवातीला ते घ्यायला हरकत नाही. पण किमान एक पारदर्शक ग्लेझ स्वतः कालवायला शिका, कारण त्याशिवाय ग्लेझ म्हणजे काय ते कळत नाही. ग्लेझ ही भांड्यावर वितळवलेली काच आहे. काच होते सिलिकापासून. पण शुद्ध सिलिका १७०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून त्याला वितळवणारी द्रव्यं घालावी लागतात. आणि वितळलेली काच उभ्या भिंतीवरून ओघळू नये म्हणून अॅल्युमिना लागतं. ते चिनी मातीतून मिळतं.

उंच तापमानासाठी, म्हणजे कोन १० ला, इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमाण जगभर वापरलं जातं: फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, खडूपूड २०, चिनी माती १०. आपल्या कोन ६ ला ते पुरतं वितळत नाही. तिथे बोरॉनची मदत लागते. त्यासाठी पाच द्रव्यं समान घेण्याचं एक प्रमाण स्टुडिओ कुंभारांमध्ये रुळलेलं आहे: कॅल्शियम-बोरॉनचं शिसेविरहित फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच), फेल्डस्पार, वोलास्टोनाइट, चिनी माती आणि सिलिका, प्रत्येकी २० टक्के. लक्षात ठेवायला यापेक्षा सोपं काही नाही. राजस्थानात फेल्डस्पारही निघतं आणि वोलास्टोनाइटही, त्यामुळे माल देशातच मिळतो. फ्रिट मात्र विक्रेत्यागणिक बदलतं. पाकिटावर नुसतं ‘ट्रान्सपरंट फ्रिट’ लिहिलेलं असेल तर त्याचं रासायनिक पृथक्करण मागा आणि शिसं नाही हे लेखी घ्या. जो विक्रेता हे देत नाही त्याच्याकडून जेवणाच्या भांड्यांसाठी माल घेऊ नका.

या पारदर्शक पायात रंग असे बसतात. कोबाल्ट कार्बोनेट अर्धा ते एक टक्का घातलं की निळा, कॉपर कार्बोनेट दोन-तीन टक्के घातलं की हिरवा, तांबडं आयर्न ऑक्साइड आठ ते दहा टक्के घातलं की गडद तपकिरी. झिर्कोनियम सिलिकेट दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की पांढरा अपारदर्शक. विजेच्या भट्टीत हवा खेळती असते, त्यामुळे चिनी सेलाडॉनचा सागरी हिरवा किंवा तांब्याचा लाल इथे मागू नका. ते रंग ज्वाळेतल्या प्राणवायूच्या कमतरतेतून येतात. विजेच्या भट्टीचे स्वतःचे रंग आहेत आणि ते पुरेसे सुंदर आहेत.

रंगांची नजर तयार करायची असेल तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. १८५७ साली सुरू झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लेझ केलेली भांडी बनू लागली. सिंधमधल्या कुंभारांची ग्लेझची परंपरा आणि अजिंठ्याच्या चित्रांतले नमुने त्यांत एकत्र आले. संग्रहालयात ठेवलेल्या त्या भांड्यांचे निळे आणि पिवळे रंग काचेतून का होईना, जवळून बघा. मुंबईत ग्लेझचं काम कालपरवा आलेलं नाही, हे आपल्या हातांना माहीत असावं.

कोरडी पूड कालवताना एन-९५ मास्क घालणं सक्तीचं समजा. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम कधीही करू नका, आणि घरात लहान मूल असेल तर कालवणीची जागा त्याच्या वावरापासून वेगळी ठेवा. इथे सवलत घेणाऱ्यांशी मी वाद घालते आणि घालत राहीन.

एक किलो कोरड्या पुडीला सुरुवातीला एक लिटर पाणी. पूड पाण्यात घाला, पाणी पुडीत नको. मग गुठळ्या कमी होतात. रात्रभर भिजू द्या, सकाळी ढवळून ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळा. दाटपणा पातळ बासुंदीसारखा हवा, असं तोंडी सांगता येतं, पण ते पुरेसं नाही. १०० मिलिलिटर मोजपात्रात ग्लेझ घेऊन त्याचं वजन करा. १४० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान भरलं पाहिजे. मी १४५ धरते. एक किलोला एक लिटर हे प्रमाण साधारण तिथेच येतं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात बादलीतलं पाणी वेगवेगळ्या गतीने उडतं, त्यामुळे प्रत्येक वेळी मोजणं भाग आहे. हा आकडा वहीत गेला की मागच्या महिन्यातला सुंदर निळा आज का फिका आला, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

तळाशी दगडासारखा गाळ बसत असेल तर एक टक्का बेंटोनाइट कोरड्या पुडीत मिसळा. बादली आधीच तयार असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारं एप्सम सॉल्ट गरम पाण्यात विरघळवून त्याचे थोडे थेंब घाला. कण एकमेकांना सैल धरून राहतात आणि गाळ घट्ट होत नाही.

लावण्याआधी बिस्कचं भांडं ओल्या स्पंजने पुसून वाळू द्या. त्यावरची धूळ आणि हातांचं तेल हीच ग्लेझ मागे सरकून उघडे चट्टे पडण्याची मोठी कारणं आहेत. त्या दिवशी हातांना खोबरेल किंवा क्रीम लावू नका. बुडाला मेण लावा. मेण लावलं नसेल तर ग्लेझ लावल्यावर बूड आणि त्यावरची तीन मिलिमीटर पट्टी स्पंजने स्वच्छ करा. ओघळणारं ग्लेझ असेल तर पट्टी दुप्पट. आधी आतून ओता, फिरवून लगेच रिकामं करा, आणि बाहेरची बुडवणी थोड्या वेळाने करा. आतलं पाणी भिंतीत मुरलेलं असतं. पातळ कपाला दोन्ही बाजूंनी लागोपाठ ग्लेझ दिलं तर भिंत पाणी ओढू शकत नाही आणि बाहेरचा थर विरळ बसतो. बुडवणी दोन-तीन सेकंदांची. मनात मोजा, रोज त्याच गतीने मोजा. थर वाळल्यावर बुडाजवळ सुई टोचून जाडी बघा. एक मिलिमीटरच्या आसपास बहुतेक ग्लेझ नीट बसतं. सुईची खूण बोटाने चोळून बुजवा.

नवं ग्लेझ सरळ भांड्यावर लावायचं नाही. त्याच मातीच्या बोटभर उंच उभ्या पट्ट्या करून ठेवा, एका अंगाला थोडी नक्षी ओरखडलेली, कारण कडेवर आणि खळग्यात ग्लेझ वेगळं वागतं. पट्टीच्या वरच्या अर्ध्यावर दुसरी बुडवणी द्या म्हणजे जाड-पातळ दोन्ही दिसेल. मागे आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशने क्रमांक लिहा. तो भाजणीत टिकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक भाजणीत अशा काही पट्ट्या कोपऱ्यांत बसवल्या तर वर्षाच्या अखेरीस तुमचा स्वतःचा रंगपट तयार होतो, आणि तो कुठल्याही विकतच्या कार्डापेक्षा भरवशाचा असतो.

भट्टीचा दिवस

ग्लेझ केलेली भांडी निदान एक रात्र वाळू द्या. शेल्फवर अॅल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती निम्मी-निम्मी घेऊन केलेला लेप हवा, म्हणजे एखादा ओघळ आलाच तर शेल्फ वाचेल. खांब तीन, आणि वरच्या शेल्फचे खांब खालच्यांच्या बरोबर वर. भांड्यांमध्ये करंगळीएवढं अंतर. ग्लेझ वितळताना फुगतं आणि चिकटलेली भांडी सुटी होत नाहीत. बिस्कमध्ये हा नियम नाही, तिथे वाडग्यात वाडगा बसवला तरी चालतो. नवीन किंवा ओघळणाऱ्या ग्लेझखाली मातीची चकती ठेवा.

मीटरवर विसंबून भट्टी लावणाऱ्यांना मी कोन, म्हणजे ठराविक भाजणीला वाकणारे मातीचे छोटे सुळके, ठेवण्याचा आग्रह करते. मीटरला जोडलेलं थर्मोकपल एका जागेचं, त्या क्षणाचं तापमान सांगतं. काच होण्यासाठी तापमान आणि वेळ दोन्ही लागतात, आणि त्यांचा एकत्र परिणाम कोन दाखवतो. १८८६ मध्ये बर्लिनमध्ये हेर्मान झेगर यांनी हे कोन वापरात आणले. १८९६ पासून अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी बनवले, आणि आज आपण सहसा ऑर्टनचे क्रमांक वापरतो. शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी चढलं तर कोन ६ साधारण १२२२ अंशांना वाकतो, कोन १० साधारण १२८५ ला. ५, ६ आणि ७ हे तीन कोन एका रांगेत भोकासमोर लावा. पाचवा पूर्ण पडलेला, सहावा टोक पायाशी टेकलेला, सातवा उभा किंवा जरासा झुकलेला, तर भाजणी बरोबर. दुसरे तीन खालच्या शेल्फवर ठेवा. वर आणि खाली किती फरक पडतो ते एकदा कळलं की कुठलं ग्लेझ कुठे ठेवायचं, हे आपोआप ठरतं. के प्रकारचं थर्मोकपल १२०० च्या वर वारंवार गेलं की हळूहळू चुकीचं दाखवू लागतं. कोन ते पकडून देतात. आत डोकावताना गडद संरक्षक चष्मा लावा.

सकाळी सहाला भट्टी सुरू करा. पहिले १२० अंश सावकाश, मग ताशी १५० ते ११०० पर्यंत, मग ताशी ६०, आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटं त्याच तापमानावर थांबा म्हणजे बुडबुडे बसतात. संध्याकाळी, तुम्ही जागे आणि घरात असताना, ती संपली पाहिजे. झोपेत भट्टी संपवण्याचं वेळापत्रक आखू नका, कितीही चांगला कंट्रोलर असला तरी. मध्येच वीज गेली तर झाकण उघडू नका. वीज आल्यावर जिथवर उतरलं असेल तिथून पुन्हा चढा आणि कोनाकडे बघून संपवा. सुरुवातीला आणि शेवटी विजेच्या मीटरचे आकडे लिहा. ६ किलोवॉटची भट्टी नऊ-दहा तास चालली आणि त्यातला साधारण दोन-तृतीयांश वेळ वायर तापत राहिली तर चाळीस युनिटच्या आसपास खर्च येतो. तो त्या भाजणीतल्या भांड्यांवर वाटला तरच किंमत खरी लागते.

उघडण्याची घाई हा एक प्रश्न खरोखर भट्टीच्या दिवसाचा आहे. उतरताना ५७३ ला गारगोटी आकसते आणि २२६ च्या आसपास क्रिस्टोबॅलाइट नावाचं तिचंच दुसरं रूप आकसतं. दोनशेवर झाकण उघडलं की पावसाळी गार वारा आत शिरतो आणि ताट दोन तुकडे होऊन निघतं. १०० च्या खाली उतरेपर्यंत हात लावू नका.

बिघाड वाचणं

आता जे निघालं ते वाचायचं. ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली तर धूळ, तेल किंवा फार जाड थर. सुईची भोकं दिसली तर बिस्क घाईत झालेलं असण्याची शक्यता मोठी. पुढच्या वेळी ७०० ते ९०० सावकाश घ्या आणि शेवटचा थांबा लांबवा. ओघळ आला तर थर जाड किंवा भाजणी जास्त. कोन बघितले की कुठलं ते कळतं. कडेवरून ग्लेझचे कपचे सुटत असतील तर ते भांडं ताबडतोब बाजूला काढा, कारण कपचे पोटात जाऊ शकतात. तिथे ग्लेझ मातीपेक्षा कमी आकसलंय.

उलट प्रकार केसांसारख्या चिरांच्या जाळ्याचा. इथे ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि ताणाने फाटतं. सिलिका पाच-पाच टक्क्यांनी वाढवून पट्ट्या करा. बहुतेकदा जाळं जातं. मुंबईत मात्र या दोषाचा एक उशिराचा प्रकार भेटतो. भट्टीतून स्वच्छ निघालेलं भांडं महिन्या-दोन महिन्यांनी टणत्कार करून चिरांनी भरतं. माती पुरती भाजलेली नसेल तर ती दमट हवेतलं पाणी शोषून अतिशय किंचित फुगते आणि वरची काच फाटते. म्हणून ग्लेझला हात घालण्याआधी मातीची परीक्षा करा. ग्लेझ न लावलेली भाजलेली पट्टी कोरडी तोला, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात थंड होऊ द्या, पुसून पुन्हा तोला. वजन दोन टक्क्यांहून अधिक वाढलं तर ती माती कोन ६ ला पिकलेली नाही. ग्लेझ कितीही बदललं तरी उपयोग नाही, माती बदला. विक्रेता पाकिटावर ‘स्टोनवेअर’ लिहितो, पण ती कोन १० ची असू शकते.

मुंबईजवळच्याच हातांनी या मातीत काय साधतं ते पाहायचं असेल तर भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित यांचं काम बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या ग्रामोदय संघात शिकलेल्या या कुंभाराला २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या भांड्यांवरचं ग्लेझ कुठे थांबलंय, बूड कसं सोडलंय, इतकंच नीट बघितलं तरी पुष्कळ शिकता येतं.

जेवणाची भांडी

वांद्र्यातल्या स्वयंपाकघरांत आंबट भरपूर असतं. सोलकढी, चिंचेचं सार, लिंबाचं लोणचं, आणि ईस्ट इंडियन घरांत व्हिनेगर घातलेलं व्हिंदालू. आंबटात कच्चं ग्लेझ विरघळतं आणि त्यातली धातूद्रव्यं अन्नात उतरतात. तांब्याच्या हिरव्या ग्लेझबाबत विशेष जपा. चार-पाच टक्क्यांच्या वर तांबं असलेलं ग्लेझ मी भांड्याच्या आतल्या अंगाला लावतच नाही. बेरियम, मँगनीज आणि क्रोमच्या रंगांनाही आत जागा नको. आत पारदर्शक किंवा पांढरं, रंग बाहेर. शिसं आणि कॅडमियम असलेलं काहीही स्टुडिओत आणू नका.

घरच्या घरी पहिली चाचणी सोपी आहे. लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवा. दुसरी, ४ टक्के तीव्रतेचं पांढरं व्हिनेगर भांड्यात २४ तास. प्रयोगशाळेतल्या चाचणीतही ४ टक्के अॅसेटिक अॅसिड आणि २४ तास हेच प्रमाण असतं, फरक एवढाच की तिथे द्रवात उतरलेला धातू मोजला जातो. व्हिनेगर ओतून भांडं धुवा, वाळवा, खिडकीच्या उजेडात तिरपं धरा. जिथे चमक गेली किंवा रंग फिका झाला, ते ग्लेझ अन्नासाठी नापास. चमक टिकली म्हणजे ते सुरक्षित ठरलंच असं नाही, म्हणून विक्रीला ठेवण्याआधी प्रत्येक ग्लेझचा एक नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. फ्रिटचा विक्रेता बदलला तर पुन्हा तपासा.

मग ताण बघा. एक वाडगा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढून सिंकमध्ये त्यावर उकळतं पाणी ओता. असं तीन वेळा केल्यावर शाई चोळून पुसा. चीर असेल तर शाई तिच्यात राहते. मायक्रोवेव्हसाठी रिकामं कोरडं भांडं पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवून मिनिटभर चालवा. भांडं हाताला चटका देण्याइतकं तापलं तर त्यात पाणी मुरतंय, आणि गिऱ्हाइकाला ‘मायक्रोवेव्ह चालेल’ असं सांगू नका.

पास झालेल्या भांड्याचं बूड सिलिकॉन कार्बाइडच्या दगडाने, पाणी लावून, घासा. कोरडं घासलं तर पुन्हा तीच धूळ. नापास झालेलं भांडं सुंदर असेल तर फुलदाणी किंवा पेन ठेवायचं भांडं म्हणून विका, पण चिठ्ठीवर ‘अन्नासाठी नाही’ असं स्पष्ट लिहा, आणि त्या ग्लेझच्या पट्टीचा क्रमांक, बादलीचं वजन, कोनांची स्थिती व चाचणीचा निकाल त्याच दिवशी वहीत एका ओळीत नोंदवा. पुढची बादली कालवायची वेळ येईल तेव्हा सुरुवात त्या ओळीपासून करा.